एकेचाळीस दिवसांची मलमपट्टी

दीप्ती गमरे मस्कतच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जखमांची नर्स होती. म्हणजे दिवसभर लोकांच्या जखमा उघडायच्या, धुवायच्या, नीट बघायच्या आणि पुन्हा बांधायच्या. मधुमेहाने काळे पडलेले पाय, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरची क्षतं, ऑपरेशननंतर न भरणारे टाके. सतरा वर्षं हेच केल्यामुळे पट्टी सोडायच्या आधीच, नुसत्या वासावरून तिला निम्मं कळायचं. घरी मात्र ती यातलं काही बोलत नसे. नवरा रुपेश तेल कंपनीत इंजिनियर. रक्ताचं नाव काढलं की त्याला घास जात नसे.

त्या हिवाळ्यात तिचे वडील, भगवान गमरे, तीन महिन्यांसाठी मस्कतमधल्या अल् घुब्र्याला तिच्याकडे आले होते. ती लग्नानंतरही गमरेच राहिली याचा त्यांना मनातून फार आनंद होता, पण तसं ते कधी म्हणाले नव्हते. पुण्याच्या सरकारी दफ्तरखान्यात चौतीस वर्षं मोडी कागद वाचण्यात त्यांचा जन्म गेला. इथे सकाळी समुद्राकडे फिरून आलं की दिवस संपता संपत नसे.

आणि मग एका शुक्रवारी दुपारी हुसैनमियाँ आले. हे मूळचे दापोलीकडचे, मस्कतपासून तीन तासांवरच्या इब्रीच्या बाजारात तीस वर्षं कापडाचं दुकान. त्यांच्या बायकोच्या, खुदेजाबींच्या, पायाची जखम दीप्तीने चार महिने बांधली होती. तेव्हापासून मस्कतला आले की ते खजुराचा डबा घेऊन हटकून डोकवायचे. या खेपेला डबा बाजूला ठेवून त्यांनी आधी मोबाइल काढला.

"दीप्तीबाय, तुझे पप्पा जुनं वाचतात म्हणालीस ना? हे बघायला सांग जरा."

एका पिवळ्या पडलेल्या कागदाचे नऊ फोटो होते. हुसैनमियाँ म्हणाले, ज्यांच्या नावावर त्यांचं दुकान, ते अर्बाब शेख हमूद यांच्या घरी हा कागद दोनशे वर्षं जपून ठेवलेला आहे. त्यांचा एक पूर्वज सैन्याचा मोठा सेनापती होता. मुंबईची पलटण इथल्या सुलतानाच्या मदतीला आली होती त्या काळातला. एका लढाईत छातीवर गोळी झेलून तो गेला, आणि हा कागद त्याच्या उशाशी सापडला. घरात कोणी म्हणे ही दुआ आहे, कोणी म्हणे जमिनीची सनद. अरबी नाही, फारसी नाही. बनिया लोकांना दाखवला, त्यांनाही लागला नाही.

"मला परवा पहिल्यांदा दाखवला. बघितलं नि वाटलं, अशी अक्षरं मी बघितल्यात. आमच्या आजाच्या पेटीत खोतकीचे कागद होते, ते असेच. एक रेघ ओढायची नि खाली सगळी लोंबती."

भगवानरावांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि एकेक फोटो सरकवत गेले. मग म्हणाले, "मोडीच आहे. आणि ही दुआबिआ काही नाही. ही मलमपट्टीची नोंदवही आहे."

पुढचे चार दिवस ते लॅपटॉपवर फोटो मोठे करून बसले. दीप्ती ड्युटीवरून आली की ते तिला वाचून दाखवत. लिहिणारा मुंबईच्या पलटणीतला, दवाखान्यात काम करणारा माणूस होता. गोऱ्या डॉक्टरने जखमी सेनापतीला एकदा तपासलं, तीन दिवस काढतील असं सांगितलं आणि तो पलटणीबरोबर पुढे गेला. याला मागे ठेवलं. सेनापतीला तो सगळीकडे 'सरलष्कर' म्हणतो. तारखा जुन्या पद्धतीच्या, मुसलमानी महिन्यांच्या, आधी 'छ' लावलेल्या.

"छ सात रजब," भगवानराव वाचत होते. दीप्ती पलीकडे युनिफॉर्मला इस्त्री करत होती. "गोळी पार गेली आहे. पाठीस खांद्याचे खवाट्याखालीं छिद्र बोराचे बीएवढें, कड आंत वळली. पुढें गळ्याचे हाडाखालीं जखम आवळ्याएवढी, मांस बाहेर आलें. श्वास घेतां पुढील जखमेंतून फेस येतो. कोमट पाण्यानें धुतलें. दोन घोट पेज घेतली."

दीप्तीची इस्त्री थांबली. "पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

फेस येतो म्हणजे गोळी फुफ्फुसातून गेली होती. अशा माणसासाठी आज काय काय केलं असतं ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं. नळी, ऑक्सिजन, अँटिबायोटिक. या माणसाकडे कोमट पाणी, मध, बोरीच्या पाल्याचा काढा आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या होत्या. तरी तो दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायचा. पू घट्ट आहे की पातळ, पांढरा की हिरवट, हे रोज लिहायचा. अकराव्या दिवशी हाडाची कपची वर आली ती त्याने चिमट्याने काढली आणि लांबी लिहून ठेवली, तांदळाच्या दाण्याच्या दुप्पट. दीप्तीच्या वॉर्डातल्या नव्या मुलींनी इतकं नीट लिहिलं असतं तर तिने त्यांना उभं राहून शाबासकी दिली असती.

पण तिची इस्त्री थांबली होती ती यासाठी नाही.

"पप्पा, लहान भोक पाठीवर आहे."

"हो. मग?"

"गोळी शिरते तिथे लहान भोक पडतं, कडा आत वळतात. बाहेर पडते तिथे मोठं होतं. त्यांना गोळी मागून लागली."

भगवानरावांनी चष्मा काढून हातात धरला. चौतीस वर्षं त्यांनी शब्द लावले होते, पण जखम वाचायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "तरीच." आणि पुढचा फोटो उघडून नोंद वाचली. "छ नऊ रजब. सरलष्करांस थोडी हिंदुस्थानी येते. घरचे माणसांस पाठ दाखवूं नये, असें त्यांनी मज सांगितलें. मी मान हालविली. पट्टी बांधतेवेळीं दार लावून घेतों."

तेव्हापासून प्रत्येक नोंदीत ते तीन शब्द होते: दार लावून घेतलें.

सरलष्कर तीन दिवस नाही, एकेचाळीस दिवस जगला. शेवटची नोंद रजबच्या पुढच्या महिन्यातली, सतरा साबानची. पट्टी न सोडता तसंच पुरावं, असं त्याने भावाला सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. खाली लिहिलं होतं: "मज पलटणींत परत जाणें आहे. कागद नेला तर कोणी वाचील. येथें ठेविला तर कोणी वाचणार नाहीं. सबब भावाचे हवालीं केला." आणि सही: सुभनाक वलद येसनाक, म्हणजे येसनाकाचा मुलगा सुभनाक.

सहीशी आल्यावर भगवानराव थांबले. त्यांनी बोट स्क्रीनवर ठेवलं आणि तसंच धरलं. 'नाक' हा शेवट महार माणसाच्या नावाला लागायचा, हे दीप्तीलाही ठाऊक होतं. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ धरत, त्याच्या हातून इथला एक सेनापती एकेचाळीस दिवस पाणी प्यायला होता आणि स्वतःची पाठ फक्त त्यालाच दाखवत होता.

"पलटणीत शिकला असणार," भगवानराव म्हणाले. "आपल्यातल्या माणसाच्या हातचा इतका जुना कागद मी चौतीस वर्षांत बघितला नव्हता. आणि सापडला कुठे, तर इब्रीला."

भांडण झालं ते दुसऱ्या दिवशी. हुसैनमियाँचा फोन आला होता. शेखसाहेबांचा मुलगा मुआज जुन्या घराची दुरुस्ती करून तिथे पूर्वजांच्या वस्तू मांडणार होता. कागदाचं भाषांतर अरबीत करून त्याचा फलक लावायचा होता. शुक्रवारी सगळ्यांनी यावं.

"छातीवर झेलली असं त्यांच्या घरात पोरंसुद्धा सांगतात," हुसैनमियाँ म्हणाले. दीप्तीने त्यांना जखमेचं सांगितलं होतं. "पप्पांना म्हणावं, ते भोक-बिक गाळा. कोण विचारायला येतंय? मला त्यांच्याच गावात दुकान चालवायचंय, बाय."

भगवानराव ऐकायला तयार नव्हते. "वाचणाऱ्याने कागद बदलायचा नसतो. मी दफ्तरखान्यात राजांच्या वंशजांना नको ते वाचून दाखवलंय. एक ओळ गाळली तर उरलेल्या ओळींवर कोणी का विश्वास ठेवावा?"

"पप्पा, तुमच्यासाठी तो कागद आहे. माझ्यासाठी तो पेशंट आहे. त्याने शुद्धीत असताना सांगितलंय, घरच्यांना सांगू नका."

"दोनशे वर्षं झाली त्याला."

"मग किती वर्षांनी चालतं?"

ते हटले नाहीत. "सांगायचंच नसतं तर सुभनाकाने कागद फाडून टाकला असता."

"नसेल फाडवला त्याच्याने. एकेचाळीस दिवसांचं काम होतं ते."

शुक्रवारी हुसैनमियाँच्या गाडीतून तिघं इब्रीला गेले. रस्ताभर भगवानराव खिडकीतून उघडे डोंगर बघत होते.

जुनं घर मातीचं, नुकतंच सारवल्यासारखं नवं दिसणारं. मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, भिंतीशी गाद्या होत्या. शेख हमूद ऐंशीच्या पुढचे, बारीक अंगाचे, गुडघा दुमडता येत नाही म्हणून खुर्चीवर बसलेले. मुआज चाळिशीचा, मस्कतला बँकेत नोकरीला, घडीच्या पांढऱ्या पायघोळ डिशदाशात. त्याने कहवा ओतला, खजूर पुढे केले, आणि मोठ्या आदराने तो कागद एका पेटीतून काढून भगवानरावांपुढे ठेवला.

भगवानराव वाचू लागले. एक वाक्य मराठीत, मग हुसैनमियाँ अरबीत. रजब म्हटल्यावर शेखसाहेबांनी मान डोलावली. तेवढा एक शब्द त्यांना थेट कळला होता. डॉक्टरने तीन दिवस सांगितले इथवर आलं. पुढची ओळ जखमेची. हुसैनमियाँनी दीप्तीकडे पाहिलं, भगवानरावांनीही पाहिलं. ते वाचणार होते, यात शंका नव्हती. हुसैनमियाँ अरबीत ते वाक्य गिळणार, हेही उघड होतं.

"चाचा, थांबा जरा," दीप्ती म्हणाली. "शेखसाहेबांना सांगा. यात एक गोष्ट अशी आहे की ती घरच्यांना सांगू नये असं पेशंटने स्वतः म्हटलंय. आमच्या हॉस्पिटलात असं काही असलं तर पेशंट गेल्यावर आम्ही घरातल्या थोरल्या माणसाला बाजूला घेतो आणि विचारतो, ऐकायचंय का. ते हो म्हणाले तरच सांगतो. तुम्ही थोरले आहात."

हुसैनमियाँनी घसा साफ करून ते अरबीत सांगितलं. मुआज एकदम म्हणाला, "असं काय असणार आहे?" शेखसाहेबांनी हात वर केला. मग त्यांनी मुलाला बाहेर जायला सांगितलं. मुआज उठून गेला. हुसैनमियाँही उठले. ते म्हणाले, मला न कळलेलंच बरं. कळलेलं असूनही.

आता खोलीत शेखसाहेब, दीप्ती आणि अरबीचा एक शब्द न येणारे भगवानराव एवढेच उरले. दीप्तीचं अरबी हॉस्पिटलातलं. दुखतं का, श्वास घ्या, कुशीवर वळा. पण पाठ, छाती, लहान, मोठं हे शब्द तिला येत होते. तिने आपल्या पाठीवर, खवाट्याखाली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे लहान." मग पुढे गळ्याखाली बोट ठेवलं. "इथे मोठी."

शेखसाहेबांना समजवावं लागलं नाही. तरुणपणी ते दक्षिणेच्या डोंगरात लढले होते.

"पळत होता?" त्यांनी विचारलं.

"कागदात नाही."

"जखम सांगते का?"

"जखम फक्त बंदूक कुठल्या बाजूला होती ते सांगते."

ते हळूहळू, तिला कळावं म्हणून सोपे शब्द निवडत बोलले. डोंगरात माझ्या भावाला अशीच गोळी लागली होती. मला हाक मारायला तो मागे वळला होता, असं मी त्याच्या बायकोला सांगितलं. मुलांना सांगितलं. पन्नास वर्षं सांगतोय. कदाचित तसंच असेल. कदाचित आम्ही दोघंही पळत होतो. आता मला स्वतःलाच आठवत नाही.

तिने त्यांच्यापुढचा रिकामा पेला भरला.

"याला फार दुखलं का?" त्यांनी कागदाकडे बोट केलं.

"पहिले वीस दिवस फार. नंतर कमी. पट्टी बांधणारा माणूस चांगला होता. रोज धुवायचा. कूस बदलायचा. क्षत पडू दिलं नाही." मग तिने वडिलांकडे बघून पुढचं सांगितलं, "दार लावून घ्यायचा. कोणालाही सांगितलं नाही."

शेखसाहेबांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा ते ओले होते, पण आवाज साफ होता. त्यांनी हाक मारून दोघांनाही आत बोलावलं आणि सांगितलं की फलकावर एकेचाळीस दिवसांची सगळी शुश्रूषा यावी, काढा, मध, हाडाची कपची, सगळं. आणि ज्याने केली त्याचं नाव मोठ्या अक्षरांत. जखम कुठे होती ते लिहायचं नाही.

मुआजने वडिलांकडे पाहिलं, मग दीप्तीकडे.

सुभनाक कोण, हे सांगायला भगवानराव पुढे सरसावले. आमच्या मुलखात त्या काळी त्याच्या हातचं पाणी कोणी घेत नसे, ते म्हणाले. शेखसाहेबांनी विचारलं, का. हुसैनमियाँनी अरबीत दोनतीनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. शेखसाहेब वाट बघत राहिले. शेवटी भगवानरावच म्हणाले, "राहू द्या. कारण सांगण्यासारखं नाहीये."

पण अर्धवट भाषांतराखाली आपलं नाव घालायला त्यांनी ठाम नकार दिला. शेखसाहेबांना राग आला नाही. भगवानरावांनी कागद-पेन मागून घेतलं आणि दुपारभर त्याच मजलिशीत बसून सगळा मजकूर, एक अक्षर न गाळता, देवनागरीत उतरवून काढला. त्याखाली सही केली, तारीख घातली, आणि ती प्रत मूळ कागदाबरोबर पेटीत ठेवायला दिली. "तुम्हाला वाचता येणार नाही," ते हुसैनमियाँकरवी म्हणाले, "पण ज्याला हवं त्याला वाचता येईल. माझं काम झालं."

परतीच्या वाटेवर ते दीप्तीला म्हणाले, "तू विचारलंस ते बरं केलंस." आणि घाट उतरेपर्यंत झोपून गेले.

फेब्रुवारीत ते पुण्याला परतले. फलक लागला. हुसैनमियाँनी फोटो पाठवला. अरबी अक्षरांत सुभनाक कुठे आहे ते त्यांनी लाल गोल करून दाखवलं होतं. भगवानरावांनी तो फोटो दफ्तरखान्यातल्या जुन्या सोबत्यांना पाठवला, बौद्ध विहारातल्या ग्रुपवरही टाकला.

एप्रिलमध्ये एका दुपारी दीप्तीच्या वॉर्डाबाहेर मुआज उभा होता. हातात वडिलांनी दिलेलं पाकीट, पाकिटात भगवानरावांनी लिहिलेली प्रत.

"वडील म्हणाले, हे तुमच्याकडून वाचून घे," तो इंग्रजीत म्हणाला. "त्यांना स्वतः सांगायला जमत नाहीये. तीनदा सुरुवात केली."

तिची ड्युटी संपायला अर्धा तास होता. तो थांबला. मग कँटीनच्या कोपऱ्यात चहा घेऊन तिने वडिलांच्या अक्षरातलं पान उघडलं आणि इंग्रजीत सांगत गेली. बोराची बी, आवळा, आत वळलेली कड. मुआजने मान डोलावली. एवढं त्याने त्याच दिवशी ओळखलं होतं. त्याशिवाय वडिलांनी बाहेर कशाला पाठवलं असतं, तो म्हणाला. पण 'दार लावून घेतलें' आलं तेव्हा त्याने तिला थांबवलं.

"हे रोज लिहिलंय?"

"एकोणचाळीस वेळा. मी मोजलं होतं."

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "मी लहानपणापासून त्यांच्यासारखं व्हायचं असं ऐकत आलो. छाती पुढे काढून. ते एकेचाळीस दिवस भिंतीला पाठ लावून घाबरून पडले होते, हे कोणी सांगितलंच नाही."

"भिंतीला नाही. पाठीला जखम होती. तो त्यांना कुशीवर झोपवायचा."

मुआज थोडंसं हसला. मग म्हणाला, "फलकावर घालू का?"

"मला नका विचारू."

"वडील म्हणाले, तिलाच विचार."

दीप्तीने खरंच विचार केला. वॉर्डात रोज कोणी ना कोणी तिला सांगायचं, मुलाला कळू देऊ नका, बायकोला सांगू नका, आणि ती मान हलवायची. "पेशंटने नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा माझं उत्तर नाही. माझे वडील इथे असते तर हो म्हणाले असते. आम्हा दोघांचं यावर अजून पटलेलं नाही."

तो पाकीट घेऊन गेला.

फलक त्याने बदलला नाही. पण खाली एक लहान पट्टी लावली, असं हुसैनमियाँनी पुढच्या खेपेला सांगितलं: संपूर्ण कागद मराठीत उपलब्ध आहे, ज्याला वाचायचा असेल त्याने मागावा. आतापर्यंत एकानेच मागितला. इब्रीजवळच्या सोलार प्रकल्पावरचा कोणी साताऱ्याचा पोरगा. दोन तास वाचत बसला होता, मग कागद नीट घडी करून परत दिला आणि सुभनाकाच्या नावापुढे हात जोडून गेला.

दीप्तीने हे फोनवर वडिलांना सांगितलं.

"घाईत लिहिलं होतं मी," ते म्हणाले. "लागलं ना त्याला माझं अक्षर?"